काचेतली चांदणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला हुलुगप्पाची टॅक्सी संडूर रस्त्यावरच्या चिंचेखाली येऊन थांबली. बॉनेटवर कोमेजलेला झेंडूचा हार होता. पुढच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे आणि मधोमध रुपयाएवढा कुंकवाचा टिळा.

"अण्णा, चांदणी पडलीय," हुलुगप्पा उतरता उतरता म्हणाला.

गाड्यांच्या काचा दुरुस्त करणाऱ्या कोट्रप्पानं अवजारांची पेटी खाली ठेवत काचेवरून नजर फिरवली. "कुठाय?"

"टिळ्याखाली."

त्या रस्त्यावर दिवसभर खनिजाच्या लॉऱ्या धावतात. त्यांच्यातून उडालेला खडा मागच्या गाडीच्या काचेवर बसला की तिथं बारीक खड्डा पडतो आणि त्याच्याभोवती तड्यांचे पाय फुटतात. ड्रायव्हर लोक त्याला चांदणी म्हणतात. वेळीच भरली तर जिरते. नाही भरली तर एखाद्या दुपारी उन्हानं एक पाय पळत सुटतो आणि काच आडवी चिरते.

"खडा कधी लागला?"

"आयुधपूजेच्या आदल्या दिवशी."

"आणि पूजेला त्याच्यावरच कुंकू थापलंस?"

"मग काय करू? फुटकं तोंड घेऊन गाडी देवीसमोर उभी करू? म्हटलं, तिच्याच कुंकवानं झाकावं."

"शहाणा आहेस. जखमेत माती भरून आलास. कुंकू न थापता आला असतास तर अर्ध्या तासाचं काम होतं."

कोट्रप्पा वरकरणी नेहमीसारखाच बोलत होता, पण महिन्यापूर्वी बळ्ळारीला त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि त्यानंतरची ही पहिलीच काच. काल रात्री जेवताना त्याची बायको गंगव्वा म्हणाली होती, "एक काच करून बघा. जमली तर बसा झाडाखाली. नाही जमली तर पेटी माळ्यावर. लोकांच्या गाड्यांवर प्रयोग नकोत." त्यानं मान डोलावली होती. बावीस वर्षं तो या झाडाखाली बसत होता, आणि आज त्याचा हिशेब हुलुगप्पाच्या काचेवर होणार होता. हे हुलुगप्पाला ठाऊक नव्हतं.

त्यानं काळी छत्री गाडीला बांधून काचेवर सावली धरली. चांदणीत भरायचं औषध उन्हात घट्ट होतं, म्हणून भरणं सावलीत आणि आळणं उन्हात. ओल्या फडक्यानं टिळा पुसला, भिंग लावलं आणि वाकला.

वाकला तो तसाच राहिला.

गेली तीन-चार वर्षं त्याला चांदणी म्हणजे एक मळकट ठिपका दिसायची. आज भिंगाखाली पाच पाय स्वच्छ दिसत होते, आणि प्रत्येक पायात जांभळ्या, निळ्या, हिरव्या रंगांच्या कडा, पाण्यावर तेलाचा थेंब पसरावा तशा. त्या निळ्याशा रंगाची त्याला ओळखच राहिली नव्हती. देवळात पाऊल टाकताना चपला काढायच्या राहिल्या, असं काहीसं त्याला वाटलं.

"काय झालं अण्णा? गेली का काच?"

"गप्प बस जरा."

बारीक सुईनं त्यानं खड्ड्यातलं कुंकू उकरलं, स्पिरिटचा थेंब सोडला, पुन्हा उकरलं. विभूती निघाली. हवेनं आतली ओल सुकवली. मग काचेला चिकटणारी छोटी तिपाई बसवली, तिच्यात औषधाची पिचकारी घातली आणि पिचकारीचा स्क्रू फिरवू लागला. डोळा भिंगाला, बोटं स्क्रूवर. आता सगळं दिसत होतं, म्हणून तो सगळं बघत होता. पाय भरतोय का, कडा हलते का, दाब जास्त झाला का. बघता बघता स्क्रू पाव फेरा जास्त फिरला. टिक् असा आवाज झाला आणि खालचा पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढं सरकला.

कोट्रप्पानं हात काढून घेतला. पेटी माळ्यावर जाताना त्याला दिसली.

त्याचं घर मूळचं बांगडीवाल्याचं. आठव्या वर्षापासून तो वडिलांबरोबर गावोगाव बांगड्या भरायला जायचा. पहिल्याच वर्षी एका बाईच्या मनगटावर त्यानं तीन बांगड्या फोडल्या, तेव्हा वडील म्हणाले होते, "बांगडीकडं बघतोस म्हणून फोडतोस. बाईच्या तोंडाकडं बघ. काच मोडायच्या आधी तिचा चेहरा सांगतो." त्यानंतर त्याच्या हातून बांगडी क्वचितच फुटली. मोतीबिंदूच्या वर्षांत काच भरतानाही तो नकळत तसंच, बोटांच्या अंदाजानं करत होता, कारण बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

"तम्मा, आत बस," तो हुलुगप्पाला म्हणाला. "ड्रायव्हरच्या जागेवर. चांदणीकडं बघत राहा."

"मी बघून काय होणार?"

"बस म्हटलं ना!"

हुलुगप्पा आत बसला. कोट्रप्पानं भिंग खिशात टाकलं, पुन्हा स्क्रू धरला आणि काचेपलीकडच्या त्या दाढी वाढलेल्या चेहऱ्याकडं बघू लागला. बोटांना स्क्रूचा जोर कळत होता. इथं अडतंय, इथं सोडायला हवं. पाव फेरा पुढं, अर्धा मागं. थोडा वेळ हुलुगप्पाच्या कपाळावर नुसत्या आठ्या होत्या. मग एक आठी गेली. भुवया वर चढल्या. तोंड हळूहळू उघडलं.

"अण्णा! एक पाय विझला!"

"हं."

"दुसरा… अरे देवा, दुसरापण! कुठं जातायत हे?"

"मला काय विचारतोस? तू बघतोयस ना."

"वाढलेला होता तो पण गेला! खालचा!" हुलुगप्पानं हात जोडले. कुणाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हा कुठं कोट्रप्पाचा श्वास मोकळा झाला. त्यानं तिपाई काढली, औषधावर पातळ पारदर्शक कागद चिकटवला आणि छत्री सोडली. ऊन काचेवर पडलं. दहा मिनिटं दोघं तिथंच उभे होते. इतक्या वर्षांतही ही दहा मिनिटं कोट्रप्पाला बसून काढता आली नव्हती. इतक्या लांबून येणारं ऊन थेंबभर पाण्यासारख्या औषधाची काच करतं, आणि ते करताना जराही आवाज नाही.

त्यानं वरचा थर ब्लेडनं खरवडला आणि आता भिंग लावलं. पाचही पाय नव्हते. फक्त मधोमध, टाचणीच्या टोकाहून लहान, एक लाल कण राहिला होता.

"कुंकू राहिलंय रे आत. आता निघायचं नाही."

हुलुगप्पानं वाकून वाकून बघितलं. "मला तर दिसत नाही."

"मला दिसतंय."

"मग राहू दे की! देवीला जागा आवडली असेल."

एवढ्यात गंगव्वा जोंधळ्याच्या भाकरीचा डबा घेऊन आली. डबा ठेवून तिनं आधी काचेवरून हात फिरवला, मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. कोट्रप्पा मात्र तिच्या हाताकडं बघत होता.

"या बांगड्या कधी भरल्यास? हा मोरपंखी रंग?"

"चार वर्षं झाली. तुम्हीच भरल्या होत्या."

"मला काळ्या वाटल्या होत्या."

"काळ्या म्हणालात, तेव्हाच तुमच्या डोळ्यांचं कळलं मला. म्हणून तर काही बोलले नाही," गंगव्वा म्हणाली, आणि पेटी उचलून तिनं झाडाच्या बुंध्याशी, रोजच्या जागी ठेवली.