लेओकादियानं सांगितलेला पत्ता

तोरेसेकाच्या जुन्या स्टेशनासमोर, रस्ता ओलांडला की हिरव्या दाराची खानावळ होती. लेओकादियानं ती एकतीस वर्षं चालवली. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं इंजिन तोरेसेकाला बदलायचं आणि त्याला पस्तीस मिनिटं लागायची. तेवढ्यात उतरून, पोटभर जेवून पुन्हा डब्यात चढता येईल असं ठिकाण त्या सबंध मार्गावर दुसरं नव्हतं. सोमवारी मसुराचं कालवण, गुरुवारी हाडं घालून रटरटवलेले काबुली चणे, रविवारी कोकराचं मटण-बटाटे. दारातल्या फळ्यावर एवढंच लिहिलेलं असायचं, आणि भांडं रिकामं झालं की फळा पुसला जायचा.

तिला गिऱ्हाईक पाठवणारा माणूस म्हणजे तिकीट तपासनीस ओनोरिओ. तोरेसेका जवळ आलं की तो डब्याडब्यातून सांगत फिरायचा, की भुका लागल्या असतील त्यांनी रस्ता ओलांडावा, हिरवं दार. फलाटावरच्या कँटीनकडे मात्र फिरकू नये, तिथलं सूप त्याच्यापेक्षा वयानं मोठं आहे. कुणी गाडी चुकायच्या धास्तीनं दारातच घुटमळलं, की लेओकादिया कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट दाखवायची.

"तो निळ्या सदऱ्यातला जेवतोय ना, तो ड्रायव्हर. तो उठला की तुम्ही उठा."

नवरा सिक्स्तो वाढायचा. बोलायचा कमी, पण बोलला की लागायचं. वेगवान गाडी येणार, नवं स्टेशन होणार अशी बातमी आली, तेव्हा गावात बँड वाजला आणि लेओकादियाही हरखली. आता दुप्पट माणसं येतील म्हणाली. सिक्स्तोनं ताटं पुसता पुसता विचारलं, "स्टेशन कुठं होणार? नऊ किलोमीटरवर, गव्हाच्या शेतात. मग जेवायला कोण येणार, ससे?"

झालं त्याच्या म्हणण्यासारखंच. जुन्या स्टेशनावर आधी दोन गाड्या उरल्या, मग एक, आणि एका सप्टेंबरात स्टेशनाच्या दाराला कुलूप लागलं. ओनोरिओ निवृत्त होऊन समुद्राकाठी मुलीकडे राहायला गेला. लेओकादिया मात्र रोज रात्री चणे भिजत घालत राहिली. आधी घमेलंभर, मग वाडगाभर, मग दोन मुठी. गावातले चार म्हातारे यायचे, त्यातले दोन गेले. फेब्रुवारीत सिक्स्तो दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला, टेबलावरच्या ताटांना हातही न लावता. त्यानंतर तिनं महिनाभर खानावळ उघडली. एक दिवस अकरा माणसांचा स्वयंपाक करून दोनपासून पाचपर्यंत ती दाराकडे तोंड करून बसली. कुणी आलं नाही. तिनं भांडं मोरीत उपडं केलं आणि शटर ओढलं.

नव्या स्टेशनातल्या उपाहारगृहात तिला काम मिळालं. जेवण दुसरीकडून गोठवलेल्या ताटल्यांत यायचं. वरचा कागद टोचायचा, तीन मिनिटं गरम करायचं, द्यायचं. तिथली व्यवस्थापक नोएलिया वयानं तिच्या निम्मी, पण वागायला चांगली होती. "लेओ, तुम्ही बसा थोडं," म्हणायची. बसून करायचं काय, हा लेओकादियाचा प्रश्न होता. ती स्वतः ते जेवण खात नसे. घरून डबा आणायची.

दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारायचंच, इथं जवळपास चांगलं जेवण मिळेल का म्हणून. ती म्हणायची, नाही. खोटं नव्हतंच ते. बाहेर गाड्या लावायची जागा होती आणि त्यापलीकडे गहू. तीन वर्षं ती तेच उत्तर देत आली.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, एकच्या पुढे, एक म्हातारं जोडपं आत आलं. काळे कपडे, एक लहानशी बॅग. बाई खुर्चीवर टेकली. म्हाताऱ्यानं काचेमागचे गुंडाळलेले पाव पाहिले, मग लेओकादियाकडे पाहिलं.

"इथं जवळ काही नीट शिजवलेलं मिळेल का? हिला साखरेचा आजार आहे. पहाटे चारला निघालोय. पुढची गाडी दोन चाळीसला आहे, म्हणजे वेळ आहे." आणि जरा थांबून तो म्हणाला, "तुम्हाला विचारतोय, कारण तुमचे हात चुलीपाशी राबलेले दिसतात."

तीन वर्षांत तिच्या हातांकडे कुणी पाहिलं नव्हतं. "नाही" तोंडाशी आलेलं होतं. निघालं भलतंच.

"गावात आहे. जुन्या स्टेशनासमोर, हिरवं दार. आज गुरुवार, म्हणजे चणे असतील. टॅक्सी बाहेर उभी असेल."

म्हाताऱ्यानं तिचे आभार मानले, बायकोला दंडाला धरून उठवलं. टॅक्सीचं दार लागल्याचा आवाज आला. हाक मारायला अजून वेळ होता, हे तिला कळत होतं. ती ओटा पुसत राहिली. कुणीतरी तिच्या दाराकडे चाललं होतं, गुरुवारी, भुकेलं. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत तिच्या मनात दुसरं काही आलं नाही.

मग दोन चाळीसची गाडी आली आणि गेली.

सव्वातीनला ते परत आले. बाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. टॅक्सीवाला त्यांना सोडून दुसऱ्या भाड्याला गेला होता. बंद शटर ठोकून ठोकून त्यांनी अर्धा तास घालवला, आणि मग कुणीतरी आपल्या गाडीतून त्यांना इथं आणून सोडलं. म्हातारा सरळ ओट्यापाशी आला.

"तंबाखूच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, ती खानावळ तीन वर्षं बंद आहे. आणि ती तुमचीच होती."

"हो," लेओकादिया म्हणाली.

"मग आम्हाला का पाठवलंत?"

चुकून म्हणावं तर चुकून नव्हतं. त्यांचं वाईट व्हावं असंही मनात नव्हतं.

"पाच वाजता माझ्या भावाला पुरतायत," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "पुढची गाडी सहा दहाला. आमच्या घरातला आता मी एकटाच उरलोय. त्याच्यावर मूठभर माती टाकायला घरचं कुणी नसेल."

नोएलिया मागून आली, काय झालं विचारू लागली. लेओकादिया आत गेली. फ्रिजमध्ये तिचा डबा होता. घरी शिजवलेले चणे, पालक, उकडलेलं अंडं. दोघांना पुरला असता. एक वाजता तो इथंच होता, चार पावलांवर, आणि तिला तो आठवलाही नव्हता. त्यांनी जेवावं एवढंच तिला हवं असतं, तर आठवला असता. हे तिला डबा हातात घेतल्यावर उमगलं.

मग तिनं चणे गरम करून बाईपुढे ठेवले. बाई सावकाश जेवली. म्हाताऱ्यानं घास घेतला नाही. तो पाठमोरा बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता. पाच वाजले तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. बाई चमचा खाली ठेवून हळूच म्हणाली, "चांगले झालेत हो." लेओकादियाला वाटलं, हिनं ताट तोंडावर फेकलं असतं तरी बरं झालं असतं.

सहा दहाच्या गाडीनं ते गेले. ती फलाटापर्यंत बॅग घेऊन गेली, पण चढताना म्हाताऱ्यानं ती तिच्या हातून काढून घेतली.

संध्याकाळच्या बसनं ती गावात उतरली. हिरवं दार केव्हाच शटरमागे गेलं होतं. शटरवर तीन वर्षांची धूळ होती, आणि धुळीत, छातीच्या उंचीवर, तळव्यांचे ठसे. मोठे, आणि त्यांच्याशेजारी लहान.

ते तिनं पुसले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. आता जेवणाचं कुणी विचारलं की उत्तर नोएलिया देते, आणि लेओकादिया तेवढ्या वेळापुरती आत निघून जाते.