अर्ध्याखाली झोपणारा काटा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे मी — जी पोहे जळले तरी ग्रुपवर फोटो टाकते — ती मी, हे गिळून बसलेय. आता टाइप करतेय तर पटापट होतंय. रडूबिडू येत नाहीये. काहीच होत नाहीये, खरं तर.

बाबांच्या बाइकचा पेट्रोलचा काटा बंद पडला होता. मुलुंडला, आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मी टाकी उतरवली — एकटीने! व्हिडिओ बघून! टाकीच्या आत एक फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगतो. तो खालीवर झाला की त्याची तार एका बारीक पट्टीवर सरकते आणि काटा हलतो. पट्टीवर काळं साचलेलं. मी पॉलिश पेपरने घासलं. जरा जास्तच घासलं. पेट्रोल भरलं, चावी फिरवली — काटा वर! झकास! मी व्हिडिओ टाकला. बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या पोरीनं घरी रिपेर केला." मला ते किती आवडायचं... जाऊ दे.

तेव्हा अमोलदादा आमच्याकडे राहायचा. आत्याचा मुलगा, कणकवलीहून नोकरीला आलेला. संध्याकाळी घाटकोपरला क्लासला जायला बाइक न्यायचा. चावी बाबांनीच दिली होती.

मग सकाळी काटा तळाला दिसायला लागला. काल तर अर्ध्याच्या वर होता ना? एकदा जेवताना बाबा —

"काय रे अमोल, घाटकोपर नाशिकला नेऊन ठेवलं काय?"

दादा हसला. त्याला वाटलं, मस्करी. "मामा, मी खंय फिराक जातंय? क्लास नि घर."

"मग पेट्रोल जातं कुठे? काढून विकतोस की काय?"

"अहो, जेवू द्या त्याला," आई म्हणाली.

"टाकी उघडून बघूया, मामा."

"आता काय बघणार? सकाळीच भरून आणलंय." आणि मग माझ्याकडे वळून, "काटा बरोबर आहे ना गं?"

इथे थांबते जरा. कारण — मला माहीत होतं. आदल्याच दिवशी मी बाइक हलवून पाहिली होती, आपण सगळेच हलवतो तशी. काटा तळाला, आणि टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. जवळजवळ अर्धी टाकी. घासून घासून त्या पट्टीचा खालचा भाग मीच खलास केला होता. पेट्रोल अर्ध्याखाली गेलं की काटा सरळ झोपायचा.

मी म्हटलं, "एकदम बरोबर आहे, बाबा."

दादाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू तरी सांग गो बाय," म्हणाला. मी आमटी वाढून घेतली.

दादा त्याच महिन्यात गेला. दिवा स्टेशनजवळ, चार मुलांच्या खोलीत. क्लास सुटला त्याचा.

एवढंच असतं तर कधीतरी बोललेही असते, कदाचित. पण तो गेल्यावर मी नवीन फ्लोट आणला, पट्टीसकट. बाबा ऑफिसला असताना बसवला. कुणाला सांगितलं नाही, व्हिडिओ नाही, काही नाही. काटा खरंच बरोबर चालायला लागला. आणि बाबा फोनवर आत्याला म्हणाले, "तो गेल्यापासून पेट्रोल बघ कसं टिकतंय." मी समोरच बसले होते. पलीकडून आत्या काय बोलली माहीत नाही.

मला हे आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं. शेवटचा बोल्ट आवळतानाच कळलं होतं — आता काटा सुधारला की दादा पक्का चोर ठरणार. वाट लागणार त्याची. तरी आवळला. नीट, घट्ट.

या गणपतीत दादा दर्शनाला आला. बेल वाजली. बाबा उठले, खिळ्यावरची बाइकची चावी काढून खिशात टाकली आणि मग दार उघडायला गेले. सेफ्टी डोअरच्या जाळीतून दादाला सगळं दिसत होतं. तो चपला काढत राहिला, बराच वेळ.

मी त्याच्या हातावर मोदक ठेवला.

"बरी आसस मा गो?"

"मजेत," मी म्हटलं.