पाठीचा फोटो

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. सख्ख्या भावाजवळही नाही. तुम्हाला सांगतोय — कसं सांगायचं ते मात्र ठरवलेलं नाही.

गच्चीवरच्या टाकीची शिडी सरकली आणि माझी बायको, सुनंदा, पाठीवर पडली. मणका गेला. कमरेखाली तिला काहीच कळत नाही — चिमटा काढा, नाहीतर चटका द्या. म्हणून रोज सकाळी तिला कुशीवर वळवून पाठ बघायची, हे काम माझं. एका जागी दाब पडून जखम होते, कातडी लाल दिसली तर लगेच घेऊन या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घेऊन या म्हणे. बोलायला काय जातं? मनवेलपाड्यात आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिला खुर्चीसकट उतरवायला चार माणसं लागतात. मागच्या खेपेला शेजारच्या राऊतांची कंबर धरली. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की मोबाइलमध्ये बघतात. मग थेट मुंबईपर्यंत अँब्युलन्स, कारण इथले दवाखाने अशा पेशंटला हात लावत नाहीत. वर माझा खाडा. शेठ आधीच म्हणालेला, "तुझं रोजचंच झालंय."

बघा — सबबी सांगायला लागलो ना?

एका सकाळी माकडहाडाशी रुपयाएवढा डाग दिसला. बोटानं दाबला, लाली गेली नाही.

"कसं आहे मागे?" तिनं विचारलं.

"स्वच्छ," मी म्हणालो.

उद्या बघू, म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. ती नुकतीच चाकाच्या खुर्चीत बसून बिल्डिंगमधल्या पोरांची शिकवणी घ्यायला लागली होती — तासन्‌तास, त्याच डागावर. मला दिसत होतं. नुसता गप्प बसलो असतो तर — पण तेवढंच नाही. एकदा ती म्हणाली, "आज फोटो काढून दाखवा ना." मी काढला. आणि दाखवला तो फोनमधला डागाच्या आधीचा, स्वच्छ पाठीचा. ती हसली. म्हणाली, "तुमच्यामुळे टिकलंय हो." मी फोन खिशात ठेवला.

वास यायला लागला तेव्हा चार माणसं लगेच मिळाली. जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर माझ्यावर उखडले — इतके दिवस काय करत होतात? मी तोंड उघडायच्या आत सुनंदाच बोलली, "हे रोज बघतात, डॉक्टर. फोटोसुद्धा काढून दाखवतात." मी मान डोलावली.

आता ती पालथी झोपून असते. शिकवणी बंद पडली. खुर्चीवर धुतलेले कपडे ठेवतो. सकाळी ती अजून विचारते, "कसं आहे मागे?" आता मी खरं सांगतो. ती विश्वास ठेवते, तेव्हा ठेवला होता तसाच.