म्हातारा विचार करतोय

फ्रेमवाल्याला डोळे दोन असले तरी कामाचा एकच. डावा लहानपणापासून नावालाच. समोर माणूस आहे की कपाट, एवढंच त्यानं कळायचं. लाकडाच्या पट्ट्या तिरक्या कापून कोपरे जुळवायचे, काचेवर हिरा फिरवायचा, कुणाच्या आजोबांचा फोटो किंवा कुणाच्या लेकीचं सर्टिफिकेट चौकटीत बसवायचं, हे सगळं आयुष्यभर उजव्याच्या जिवावर चाललेलं. आणि एके दिवशी काच कापता कापता त्याच उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळोख सरकायला लागला.

"पडदा सुटलाय," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्याच ऑपरेशन. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा. तो वर चढतो आणि पडद्याला जागच्या जागी दाबून धरतो. पण त्यासाठी तुम्ही पालथं पडून राहायचं. जेवताना, झोपताना, कायम तोंड जमिनीकडे. दहा दिवस. मान वर केलीत आणि पडदा पुन्हा सुटला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

अशा वेळी माणूस काय विचारतो? दिसेल ना, काम करता येईल ना. ह्या गृहस्थानं विचारलं, "स्पर्धा संपेपर्यंत थांबता येणार नाही का?"

"कसली स्पर्धा?"

"बुद्धिबळाची," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "माझी सवत."

सवतच म्हणायची ती. लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती. स्वतः हा माणूस बेताचंच खेळायचा. शेजारचा बेकरीवाला त्याला पाव भाजता भाजता हरवायचा. पण मोठ्या खेळाडूंचे डाव बघायचे म्हटलं की ह्याला भूक लागायची नाही, हाक ऐकू यायची नाही. त्यातही सगळा जीव एका खेळाडूवर. त्याला तो 'म्हातारा' म्हणायचा. म्हातारा खरं तर चाळिशीचा, फ्रेमवाल्यापेक्षा कितीतरी लहान, पण त्या खेळात चाळिशी म्हणजे म्हातारपणच. कुठल्या तरी लांबच्या देशातला माणूस. दोघांची गाठभेट कधी झालेली नाही, व्हायची शक्यताही नाही. तरी म्हाताऱ्याला सर्दी झाली की तो घोडे वाईट खेळतो, हे फ्रेमवाल्याला म्हाताऱ्याच्या बायकोइतकंच ठाऊक. आणि म्हातारा सदा दुसरा यायचा. पहिला येणार येणार म्हणता कुठेतरी माती खायचा, आणि मग फ्रेमवाल्याच्या घरात दोन दिवस सुतक पाळल्यासारखं वातावरण असायचं.

हेही एक वेळ चाललं असतं. पण म्हाताऱ्यानं चूक केली की फ्रेमवाला ताडकन उठायचा. ठरवून नव्हे, ते त्याच्या अंगातच होतं. एकदा दुकानात असाच उठला आणि टेबलावरची अख्खी काच खाली आली, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोसकट. तेव्हापासून दुकानात डाव बघायचा नाही, असा बायकोनं कायदा केला होता. त्यामुळे आता तिला धास्ती ऑपरेशनची नव्हतीच. ऑपरेशन डॉक्टरीणबाई करतील. पण ह्यांची मान कोण धरणार?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी फ्रेमवाल्यानं काय केलं, तर रुंद पट्टी घेऊन स्वतःच्या चेहऱ्याच्या मापाची चौकट बनवली. तिच्यावर स्पंज आणि मऊ कापड लावलं. पलंगाच्या डोक्याशी दोन स्टुलांवर ती ठेवायची, त्यात तोंड घालून पालथं पडायचं, आणि खालून स्ट्रॉनं चहा प्यायचा. बेकरीवाला बघायला आला, चौकटीत अडकवलेलं ते डोकं बघून म्हणाला, "झकास बसलाय. आता नुसता खिळा मारून भिंतीवर टांगायचा."

"तोंड वर करून उत्तर देता येत नाही म्हणून," चौकटीतून आवाज आला, "नाहीतर दाखवला असता."

स्पर्धा सुरू झाली. उजव्यावर पट्टी आणि डाव्याला फोनवरचं काही दिसत नाही, म्हणजे चाली वाचून दाखवणं आलं. वाचणार कोण? सवत म्हणणारीच. आता ही बाई आयुष्यभर एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर होती. शंभर वॉर्ड, हजार माणसं, पण तिच्या हातून चुकीच्या खोलीत फोन लागला असं कधी झालं नाही. निवृत्त झाली तरी गल्लीत तिला सगळे 'एक्सचेंज'च म्हणत. ती पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसली, चष्मा लावला आणि वाचू लागली. "पांढरा. घोडा, एफ तीन. एक तास बावन्न मिनिटं."

"मिनिटं नकोत गं, नुसत्या चाली सांग."

"स्क्रीनवर आहे ते सगळं वाचणार. अर्धवट निरोप मी कधी कुणाला दिला नाही."

ती मिनिटं कसली, हे तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. खेळातल्या वेळेचा काहीतरी हिशेब असेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली. फक्त पटाच्या कडेला एक उभा पट्टा होता, अर्धा पांढरा, अर्धा काळा. कोण वरचढ आहे ते मशीन त्यावर दाखवतं. तो मात्र अजिबात सांगायचा नाही, अशी फ्रेमवाल्यानं सक्त ताकीद दिली होती. मशीननं आधीच सांगितलं तर आपण कशाला बघायचं, हे त्याचं म्हणणं. समालोचनाचा आवाजही बंद, ते लोक आपल्याला विचार करू देत नाहीत म्हणे.

तिसऱ्या डावात म्हाताऱ्यानं हत्ती फुकट घालवला. "अरे गाढवा!" म्हणून फ्रेमवाला अर्धा उठलाच. बायकोनं खुर्ची सोडून दोन्ही हातांनी त्याचं डोकं परत चौकटीत दाबलं. दुसऱ्या दिवशी तपासणीत डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत बघितलं. "एक कडा हललीय. अजून सांभाळता येईल. पुन्हा असं झालं तर नाही." घरी येईपर्यंत तिनं नवऱ्याला शिव्या घातल्या आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन रडली.

"बंदच करते ती स्पर्धा," ती म्हणाली.

"कर," तो जमिनीला म्हणाला. "मग दिवसभर डोळ्याचाच विचार करत पडतो. उठून बघू का, दिसतंय का, असं वाटत राहतं."

तिनं पुन्हा चष्मा लावला.

आणि कधी नव्हे ते म्हातारा सुटला. ओळीनं तीन डाव जिंकला. शेवटच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचा डाव नुसता बरोबरीत सोडवला तरी स्पर्धा त्याची. वीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाईंचे दहा दिवसही त्याच संध्याकाळी भरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मान वर करायची. फ्रेमवाल्याचा आवाज दुपारपासूनच बदलला होता.

म्हाताऱ्याकडे काळी. चाली येत गेल्या, ती वाचत गेली. तिसाव्या चालीच्या आसपास तिनं वाचलं, "पांढरा. हत्ती, ई एक. आता काळ्यानं खेळायचं. काळा, अकरा मिनिटं."

"थांब," तो म्हणाला. "इथे जपायला पाहिजे. घोड्याला ते प्यादं दिसतंय. फुकटचं दिसतंय. मारू नको रे बाबा, मारलंस तर मेलास."

तिनं स्क्रीनकडे बघितलं. त्याच क्षणी घोडा हलला आणि त्यानं ते प्यादं मारलं. कडेचा पट्टा तळापासून वरपर्यंत पांढरा झाला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात समालोचकानं कपाळाला हात लावला. मग पांढऱ्याची चाल आली, काळ्याची आली, पुन्हा पांढऱ्याची, आणि म्हाताऱ्यानं हार मानून हात पुढे केला. संपलं.

एक्सचेंजबाईंचं तोंड उघडं होतं. निरोप समोर आला की तो तोंडातून जायचा, ही सवय पस्तीस वर्षांची. तिनं नवऱ्याच्या मानेकडे बघितलं. चौकटीच्या वर आलेली ती मान, तिच्यावरचे पांढरे केस, ताणलेल्या शिरा. उठणार, ती मनात म्हणाली. आत्ता सांगितलं की उठणार.

"विचार करतोय," ती म्हणाली.

"करू दे. वेळ आहे त्याच्याकडे."

दहा-बारा मिनिटं गेली. खोलीत नुसता पंखा फिरत होता. फोन वाजला, बेकरीवाला. ती लगबगीनं दाराशी गेली. "अहो वहिनी, बघितलंत का मेल्यानं—"

"लाइन बिझी आहे, नंतर करा," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

"कोण गं?"

"राँग नंबर."

ती येऊन बसली तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी चौकटीच्या कडांवर आवळलेल्या होत्या. जोड करकरला. पाठ ताठ झाली. पेटका आला असेल म्हणून तिनं पाठीवर हात ठेवला. हळूहळू मुठी सुटल्या, पाठही सैल पडली.

"अजून विचारच करतोय का?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं."

उगाच काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "काय खेळायला हवं हो त्यानं?"

मग तो म्हणाला, "माळ्यावरचा पट काढ. खाली बस आणि मी सांगतो तसा मांड."

तिनं पट काढला. सोंगट्यांवरची धूळ पदरानं पुसली. तो जमिनीकडे बघून सांगत गेला, ती फरशीवर बसून मांडत गेली. उंट कुठला आणि वजीर कुठला ह्यात तिचा दोनदा घोळ झाला, तो हसला. मग म्हणाला, "राजा उचल आणि कोपऱ्यात ठेव."

"एवढंच? पळून जायचं?"

"वाटेतून बाजूला व्हायचं. आता तू पांढरी. कसा मारतेस बघू."

तिनं हत्ती पुढे घातला. त्यानं तो कसा अडवायचा ते सांगितलं. तिनं वजीर आणला. त्यानं तोही परतवला. गुडघे दुखायला लागले तरी ती उठली नाही, कारण कुठेतरी वाट सापडेलच असं तिलाही आता वाटायला लागलं होतं. अंधार पडायच्या सुमाराला दोघांचे फक्त राजे आणि एकेक प्यादं उरलं. "बरोबरी," तो म्हणाला. त्यानंतर म्हाताऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही, आणि सुटले एकदाची म्हणून तिनंही काढलं नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. "मान वर करा." त्यानं केली. डोळ्यात बुडबुड्याची रेघ गवंड्याच्या पाणसळीसारखी हलत होती, आणि तिच्यावरच्या भागात बाईंची बोटं दिसली. दोन. मग तीन. पडदा जागच्या जागी चिकटला होता. बाई समाधानानं म्हणाल्या, "सांभाळलंत."

परतताना रस्त्यात तो दुकानांच्या पाट्या वाचत चालला होता. मोठी अक्षरं जमत होती, बारीक नव्हती. कोपऱ्यावर आल्यावर तिला राहवेना.

"अहो, म्हातारा हरला."

"माहितीये."

"बेकरीवाल्यानं सांगितलं?"

"नाही. तूच सांगितलंस, अकरा मिनिटं." तो एका पाटीसमोर थांबला. "अगं, ते घड्याळ उलटं चालतं. तेवढाच वेळ उरला होता त्याच्याकडे. अकरा मिनिटांनंतर विचार करायला कुणालाच मिळत नाही. आणि चांगली बातमी असती तर तू ओरडली असतीस."

तिला ती चौकट करकरलेली आठवली. पेटका म्हणून चोळलेली पाठ आठवली.

"मग बोलला का नाहीत? तासभर मला फरशीवर बसवलंत!"

"उठणारच होतो," तो म्हणाला. "हात टेकले होते. पण तू आयुष्यात पहिल्यांदा खोटा निरोप दिलास. तो माझ्या डोळ्यासाठी दिलास. मग मी कसा उठणार?"

दोघं चालत घराशी आले. खोलीत पट तसाच फरशीवर मांडलेला होता, दोन राजे आणि दोन प्यादी. त्यानं तो पायानं सरकवला नाही. वाकून, डोळा बारीक करून, एकेक सोंगटी हातात घेऊन ओळखत बसला. ती चहा ठेवायला गेली आणि आतूनच म्हणाली, "ह्या वेळी काळी मी घेणार."