लाभपाचमेपर्यंत थांबू

सकाळी सव्वाअकरा वाजता सोनोग्राफीच्या खोलीबाहेर अस्थिरोगतज्ज्ञांनी आम्हाला बाजूला घेतले. "गुडघ्याच्या सांध्यात पू झालाय. सेप्टिक आर्थ्रायटिस. आज दुपारीच सांधा उघडून धुवावा लागेल," ते म्हणाले. सेप्टिक आर्थ्रायटिस म्हणजे सांध्याच्या पोकळीत जंतू शिरून तिथे पू होणे. हा पू हाडांच्या टोकांवरची कूर्चा खातो. लहान मुलात तो हाड जिथून वाढते त्या जागेपर्यंतही पोहोचू शकतो.

रुग्णाचे नाव ईशान, वय वीस महिने. तो माझा मुलगा.

माझी पत्नी मेघना हिने विचारले, "पाय वाचेल ना?"

"आधी मूल, मग पाय," डॉक्टर म्हणाले. "जंतू रक्तात गेलेत का, ते अजून कळायचंय."

ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांच्यासाठी त्याआधीच्या दिवसांचा क्रम लिहून ठेवतो. या दिवसांत हलगर्जीपणा कोणी केला नाही. सगळे काळजीच घेत होते. तरीही उशीर झाला.

आम्ही बडोद्यात समा भागात राहतो. दिवाळीनंतर इथले सगळे व्यवहार बंद होतात, ते पाडव्यापासून पाचव्या दिवशी, लाभपाचमेला उघडतात. दुकाने बंद, कारखाने बंद, बरेचसे खासगी दवाखानेही बंद. आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या दारावर दर वर्षी 'लाभपाचमेपर्यंत बंद' अशी पाटी लागते. त्यामुळे सुटीची आखणीही त्याच मापाने होते: पाडव्याला निघायचे, लाभपाचमेच्या आदल्या दिवशी परतायचे. मी, मेघना, ईशान आणि माझी आई असे चौघे पाडव्याच्या सकाळी गाडीने दीवला निघालो.

दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला, समुद्रावर गेलो. आकाश पांढरे होते, वारा जवळजवळ नव्हता. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा असल्याची बातमी आदल्या दिवशीच आली होती. किनाऱ्यावर लाल निशाण लावले होते आणि रक्षक शिट्ट्या मारून लोकांना पाण्याबाहेर काढत होते. म्हणून आम्ही पाण्यात न जाता खडकांच्या बाजूला गेलो. ओहोटी होती. खडकांवर शिंपले चिकटलेले होते. ईशान माझा हात सोडून दोन पावले गेला आणि डाव्या गुडघ्यावर पडला.

जखम करंगळीच्या नखाएवढी, गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला. रक्त थोडे आले. आईने खोलीवर येऊन डब्यातली हळद दाबून भरली. "बघ, थांबलं," ती म्हणाली. ईशान पाच मिनिटांत बिस्किट खाऊ लागला.

मेघनाच्या आग्रहाने आम्ही गावातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जखम धुऊन पट्टी बांधली. आत शिंपल्याचा तुकडा राहिला आहे का हे पाहायला एक्स-रे हवा होता, पण दुपारपासून वीज गेली होती आणि ते यंत्र जनरेटरवर चालत नव्हते. निघताना ते गुजरातीत म्हणाले, "ताव आवे तो राह नहीं जोता." ताप आला तर वाट पाहू नका. हे मी ऐकले आणि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून वादळ होते. पाऊस आडवा येत होता, हॉटेलच्या खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबावे लागले. समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. सकाळी सात वाजता ईशानला ताप होता, एकशे एक पॉइंट चार. मेघनाने तापाचे औषध दिले. तासाभरात ताप उतरला आणि तो बसून खेळू लागला.

मी वृत्तपत्रात संपादनाचे काम करतो. सुटीवर असलो तरी त्या दिवशी कार्यालयाला वादळाची माहिती पुरवत होतो. माझ्या फोनमध्ये त्या दिवसाच्या नोंदी आहेत: बंदरावर धोक्याचा बावटा कधी चढला, झाड कुठे पडले, रस्ता किती वाजता बंद झाला. सव्वीस नोंदी. त्यात मुलाच्या तापाची एक आहे.

तो बसून खेळत होता, पण उभा राहत नव्हता. "रुसलाय," आई म्हणाली. "पट्टी टोचत असेल." पट्टी पावसाने भिजली होती, म्हणून तिने ती सोडवली, पुन्हा हळद लावली आणि स्वच्छ रुमाल बांधला. डायपर बदलताना तो किंचाळला. वाळूने मांड्या खरवडल्या असतील असे आम्ही धरले. डायपर बदलताना पाय सरळ करावा लागतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही.

दुपारी ताप परत चढला. मेघनाने दवाखान्यात फोन लावला, तो लागला नाही. मी खाली जाऊन पाहिले, तर रस्त्यावर मांडीपर्यंत पाणी होते. हा दिवस वादळाने घेतला. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. पुढच्या दिवसाचा देता येतो.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता रस्ता खुला झाला. दहा तास गाडी चालवली. वाटेत पडलेली झाडे, वीजतारा, उलटलेली एक रिक्षा. ईशानला ठरल्या वेळी औषध देत होतो, त्यामुळे ताप फार वर गेला नाही. तो जागा होता, पण गाणे लावले तरी मान हलवत नव्हता.

पाच वाजता समाला पोहोचलो. शेजारच्या हंसाबेन गुजराती नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला दारात आल्या. त्यांनी ईशानला माझ्याकडून घेतले आणि लगेच परत दिले.

"आ पग केम वाळीने राखे छे?" त्या म्हणाल्या. हा पाय असा दुमडून का धरलाय?

"पडलाय ना मासी, लागलंय," मी म्हणालो.

"लागलं तर पोरगं पाय झाडतं. हा तर जपतोय."

त्या गेल्यावर मेघनाने चपला काढल्याच नाहीत. "मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. कॅज्युअल्टी चालू असते," ती म्हणाली.

मी थर्मामीटर पाहिला: नव्व्याण्णव. उद्या सकाळी नऊ वाजता आमच्या डॉक्टर येणार होत्या. ईशानला त्या जन्मापासून ओळखतात. कॅज्युअल्टीत कोणीतरी नवखा असेल, तो सुटीतल्या अपुऱ्या कर्मचाऱ्यांसह पहिल्यापासून सुरुवात करील. हे सगळे मी तिला मुद्देसूद सांगितले.

"तुझी बातमी किती ठिकाणांहून पक्की झाली की छापणार तू?" मेघना म्हणाली.

आई म्हणाली, "दहा तास प्रवास झालाय पोराचा. झोपू दे त्याला. लाभपाचमेला डॉक्टरीणबाई येतीलच."

"लाभपाचमेपर्यंत थांबू," मी म्हणालो.

 चपला मेघनाने खूप वेळाने काढल्या.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी ईशानला पुन्हा तापाचे औषध दिले. तपासताना त्याने रडू नये, हा हेतू. सगळ्या चुकांत ही चूक मी पहिली धरतो. डॉक्टरकडे नेण्याआधी मूल शांत करून नेले, की आजारही शांत होऊन जातो.

दवाखान्याच्या दाराला नवे तोरण होते. टेबलावर पेढे होते आणि येणारा प्रत्येक जण साल मुबारक म्हणत होता. डॉक्टरांनी ताप पाहिला. जवळजवळ नव्हताच.

"औषध कधी दिलंत?"

"आठला."

"म्हणजे आता मला काही दिसणार नाही. त्याला उभं करा."

मी उभे केले. त्याने डावा पाय जमिनीला लावला नाही. त्यांनी त्याला टेबलावर घेतले, रुमाल सोडला आणि मिठाच्या पाण्याने हळद पुसली. पिवळा रंग गेल्यावर खालची कातडी दिसली. ती लाल, ताणलेली, चकचकीत होती. त्यांनी गुडघा बोटभर सरळ करून पाहिला. ईशान जे ओरडला त्याने बाहेरचे साल मुबारक थांबले.

"घरी जाऊ नका," त्या हात धुता धुता म्हणाल्या. "कपडे आणायलासुद्धा नाही. इथून सरळ हॉस्पिटल. मी फोन करते."

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होता. "ताप कधीपासून?"

"काल दुपारपासून," मी म्हणालो.

खोटे बोलायचे असे मी ठरवले नव्हते. परवा दुपारी पुन्हा चढलेला ताप कालचाच, असे मनाशी धरून मी ते उत्तर दिले.

"परवापासून," मेघना म्हणाली. "परवा सकाळी सात वाजता. एकशे एक पॉइंट चार."

त्याने दोघांकडे पाहिले आणि तिचे उत्तर लिहिले. नंतर अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले, की एकाच दिवसाचा ताप असता तर कदाचित ते प्रतिजैविके सुरू करून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले असते. त्या ओळीमुळे थांबले नाहीत.

रक्ताची सीआरपी चाचणी केली. शरीरात सूज आणि संसर्ग किती आहे हे ती सांगते. आकडा फार चढलेला होता. सोनोग्राफीत सांध्यात द्रव दिसला, सुईने काढला तो दाट आणि ढगाळ होता. दोन वाजता त्याला आत नेले. शस्त्रक्रियेचे नाव आर्थ्रोटॉमी, म्हणजे सांधा उघडून आतला पू धुऊन काढणे.

प्रतीक्षा कक्षात टीव्हीवर वादळ ओसरल्याची बातमी चालू होती. आईने एकदाच विचारले, "हळदीमुळे झालं का रे?" मी हा प्रश्न डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांना विचारला.

"हळदीनं पू झाला नाही," ते म्हणाले. "हळदीनं तो दिसला नाही."

त्यांच्या हातात एक लहान बाटली होती. तिच्या तळाशी शिंपल्याचा तुकडा होता, तांदळाच्या कणीएवढा. तो सांध्याच्या आत होता.

शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस ताप उतरला. तिसऱ्या दिवशी परत आला, एकशे तीन. रक्तातही जंतू सापडल्याचा अहवाल त्याच दुपारी हाती आला. डॉक्टरांचे बोलणे त्या दिवशी आखूड झाले. त्यांनी सांधा दुसऱ्यांदा उघडला. त्यानंतरच्या दीड दिवसात आम्ही तिघे एकमेकांशी फक्त कामापुरते बोललो: पाणी आणलंस का, कागद कुठे आहे, लिफ्ट बंद आहे. पाचव्या दिवशी सकाळी ताप नव्हता. सहाव्या दिवशीही नव्हता. तेव्हा आई प्रथम घरी आंघोळीला गेली.

दहाव्या दिवशी ईशानच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडे एक फुगा होता. ईशान खाटेच्या कठड्याला धरून त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने स्वतःला वर ओढायला सुरुवात केली. मी पुढे झालो. वॉर्डच्या नर्सबेन, ज्यांनी रोज सकाळी त्याची पट्टी बदलली होती, त्यांनी माझी बाही धरली.

"बोलशो नहीं. एने करवा दो," त्या हळूच म्हणाल्या. बोलू नका, त्याला करू द्या.

तो उजव्या पायावर उभा राहिला. बराच वेळ. मग डावा पाय खाली आला, आधी बोटे, मग टाच. फुग्याला हात लागला नाही. तो धपकन बसला आणि रागाने रडला. नर्सबेननी माझी बाही सोडली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आम्हाला सोळाव्या दिवशी घरी सोडले. तोंडावाटे प्रतिजैविके आणखी काही आठवडे चालली. आमच्या बालरोगतज्ज्ञ, ते तरुण डॉक्टर, अस्थिरोगतज्ज्ञ आणि त्या नर्सबेन यांचे आभार मानण्याची पद्धत मला सापडलेली नाही. लिहून ठेवणे एवढेच मला येते.

हे वाचणाऱ्यांनी चार गोष्टी लक्षात घ्याव्यात असे नाही. एकच घ्यावी. जखम सांध्याजवळ असेल, ताप असेल आणि मूल पायावर भार देत नसेल, तर त्याच दिवशी जो दवाखाना उघडा आहे तिथे जावे. ओळखीचा डॉक्टर हे नंतरचे.

या गोष्टीला आता वर्ष होत आले. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड लांबीने वाढते ती टोकाजवळची पट्टी, तिला इजा झाली आहे का, हे लगेच कळत नाही. इजा असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी वाढतो, किंवा वाकडा वाढतो. "दोन वर्षं तरी बघावं लागेल," डॉक्टर म्हणाले होते. एप्रिलच्या तपासणीत दोन्ही पाय सारखे होते.

ईशान धावतो. जिन्यावरून उतरताना कठडा धरत नाही, सोसायटीच्या आवारात मांजरामागे जातो. आम्ही दोघेही त्याच्या डाव्या पायाकडे पाहत असतो. मला काही वेगळे दिसले की मी आता स्वतः ठरवत नाही. मेघनाला विचारतो, तुलाही तसं दिसलं का. आजवर प्रत्येक वेळी ती नीट पाहून नाही म्हणाली.

मागच्या गुरुवारी ती हो म्हणाली. एक्स-रे सोमवारी आहे.