सुधाकरभाऊंचा नारळ

तुमच्या गावच्या मैदानावरचे दगड कोण वेचतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का?

आमच्याकडे सुधाकरभाऊ वेचायचे. बोईसरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून ते थेट मैदानावर येत आणि चेंडूला हात लावण्याआधी मान खाली घालून सबंध मैदानाला एक फेरी मारत. दिसला दगड की पँटच्या खिशात. फेरी पुरी होईपर्यंत पँट कमरेवरून घसरायला लागे. "एवढं शेतात केलं असतं तर दोन पिकं निघाली असती," असं कुणी चिडवलं की म्हणत, "शेत भावाकडं आहे, भो. इथं माझं हेच."

मूळचे ते अमळनेरकडचे. आमच्या गावात भाड्याच्या खोलीत राहत, मी शाळेत होतो तेव्हापासून. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं. पण टेनिसचा चेंडू इतका हळू टाकत की बॅट फिरून झाल्यावर तो पोचायचा. शेजारच्या माहीम गावच्या संघाला एकदा शेवटच्या षटकात सहाच धावा हव्या होत्या. त्यांच्यातला एक जण बाहेरून ओरडला, "काका, टाकताय का पोस्टानं पाठवताय?" भाऊंनी चेंडू शर्टाला पुसला. "घाई तुम्हाला आहे, मला नाही." त्या षटकात माहीमचे तिघे उंच मारायच्या नादात झेल देऊन परतले.

त्या मोसमाचे सर्वोत्कृष्ट खेळाडू तेच ठरले. मे महिन्यात समारंभ झाला. शाल, करंडक, ढोल. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि आमच्या क्लबचे अध्यक्ष विनूदादा माइकवर म्हणाले, "सुधाकर आमच्या गावचा वाघ हाय."

क्लबची एक जुनी रीत आहे. ज्याला मोसमाचा मान मिळाला, त्यानेच दिवाळीनंतर नव्या मोसमाच्या पहिल्या दिवशी खेळपट्टीवर नारळ फोडायचा. सगळा पावसाळा भाऊ त्या नारळाबद्दल बोलत होते. "करंडक दुकानात मिळतो," म्हणायचे, "नारळ कुणीतरी हातात द्यावा लागतो."

त्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. वहिनींना घेऊन आले. त्या पहिल्यांदाच मैदानावर येत होत्या. विनूदादांनी पिशवीतून नारळ काढला आणि आपल्या पुतण्याच्या हातात दिला.

"दादा, मान भाऊंचा आहे," मी म्हणालो.

"खेळाचा मान दिला ना त्याला? नारळ गावदेवीचा हाय. तो गावच्याच माणसानं फोडायचा. तू त्या संघटनेची पत्रकं वाटतोस ना, तिकडं बोल हे हक्काचं."

"मे महिन्यात तुम्हीच म्हणालात, आमच्या गावचा वाघ."

"माइकवर बोलायचं असतं रे तसं."

लोक हसले. पुतण्या नारळ घेऊन वाकला आणि थांबला. आपटायला दगड नव्हता. पोरांनी इकडेतिकडे पाहिलं, दोघे सीमारेषेपर्यंत धावत जाऊन आले. मैदानावर एकही दगड उरलेला नव्हता. तेव्हा भाऊ पुढे झाले. खिशात हात घालून त्यांनी त्याच सकाळी वेचलेला मुठीएवढा दगड काढला आणि खेळपट्टीवर ठेवला. नारळ फुटला. टाळ्या वाजल्या.

मी पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड धरला. "सोड ना, भो. मला तसाही खोबऱ्यानं खोकला होतो."

"मग मला कशाला आणलं?" वहिनी हळूच म्हणाल्या. भाऊ शर्टाच्या बाह्या दुमडत राहिले.

त्या दिवशी ते खेळले, विकेटही घेतल्या. पुढे पाळी बदलल्याचं सांगून येणं कमी केलं आणि होळीच्या आधी वापीला दुसरी नोकरी धरली. टेम्पोत सामान चढवताना मी विचारलं, "भाऊ, रागावून चाललात?"

"राग कसला? मैदान तुमचं आहे," ते म्हणाले आणि कपाटाची दुसरी बाजू उचलायला सांगितली.

आता आमच्या मैदानावर पुन्हा दगड वर आलेत. परवा एकाचा गुडघा फुटला, तरी कुणी वाकत नाही. माणसाला खांद्यावर घ्यायला आम्हाला जमलं, शेजारी उभं करायला जमलं नाही. खांद्यावरचा माणूस थोड्या वेळाने उतरवता येतो, म्हणून ते सोपं होतं.

दिवाळीनंतर तुमच्याही मैदानावर नारळ फुटेल. तो हातात घ्याल तेव्हा एकदा मागे वळून बघा. जड खिशांचा कुणी तिथे उभा असेल, तर नारळ त्याच्या हातात द्या. त्याच्याकडे दगड मागू नका.