गोळ्या मात्र तिनेच गिळल्या

सकाळी मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. "मास्तरीनबाई, तिसगाववरनं कौसल्या बोलतीय. आक्का गेली..." एवढं बोलून ती रडायलाच लागली. पलीकडून माणसांची ये-जा, भांड्यांचे आवाज येत राहिले आणि मी इकडे संगमनेरात मुलीच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून नुसती उभी. आक्का म्हणजे शकुंतला, माझी पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण. आणि कौसल्या तिची सवत. सवतीच्या मरणाची बातमी सांगताना जी अशी रडली, तिच्यावरूनच शकुंतला काय बाई होती ते समजावं. याला आता महिना होत आला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझे यजमान शिक्षक. त्यांची बदली तिसगावला झाली आणि आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मला मूल नव्हतं. नव्या गावात पहिल्याच आठवड्यात आडावर एका उंच, सावळ्या बाईनं माझा पोहरा ओढून दिला आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून सरळ विचारलं, "तुमालाबी न्हाई व्हय?" बाकीच्या बायका आडून आडून विचारायच्या, नजरेनं माझं पोट मोजायच्या. हिच्या विचारण्यात तसलं काही नव्हतं. मी मान हलवली. "मलाबी न्हाई," ती म्हणाली आणि हसली. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. तिच्या घरी बागायत, दावणीला बैल, नवरा नामदेव कष्टाळू आणि अबोल, सगळं होतं. सासूनं तिला अंगारे लावले, गंडे बांधले, कडक उपास करायला लावले. डॉक्टर मात्र कोणाला सुचला नव्हता.

नगरला एक लेडी डॉक्टर होत्या. माझ्या यजमानांना त्यांचं नाव कोणीतरी सांगितलं. मी शकुंतलेला म्हटलं, चल बरोबर. तिनं घरी दाढदुखीचं निमित्त सांगितलं. मग दर महिन्याला आम्ही दोघी एसटीनं करंजीचा घाट ओलांडून नगरला जायला लागलो आणि दर महिन्याला तिची दाढ दुखायला लागली. "आत्याबाई म्हनत असतील, हिच्या तोंडात दाढा तरी किती!" असं म्हणून ती गाडीत पदर तोंडाला लावून हसायची. डॉक्टरीणबाईंनी दोघींना तपासलं. आमची पाळी वेळेवर येत नव्हती, अंडं नीट तयार होत नसावं, त्यावर नव्या गोळ्या आल्यात, असं त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. आणि शेवटी म्हणाल्या, "नवऱ्यांनाही पाठवा. त्यांचीही तपासणी व्हायला हवी." माझे यजमान लाजत, घाम पुसत का होईना, जाऊन आले. शकुंतलेनं सासूच्या चोरून नामदेवला सांगितलं, तर तो म्हणाला, "मी काय बाईमानूस हाय व्हय?" तो विषय तिथंच संपला.

गोळ्या पाळीनंतर ठरलेल्या दिवसांत घ्यायच्या. शकुंतलेच्या गोळ्या माझ्याकडे, साखरेच्या डब्यामागं असायच्या. पाण्याला जाताना ती मागच्या दारानं यायची, गोळी जिभेवर ठेवायची आणि माझ्याच तांब्यातून पाणी प्यायची. त्या गोळ्यांनी काय व्हायचं ते कोणाला सांगता येत नव्हतं. बसल्या जागी छातीतून आगीचा लोळ उठून कानशिलापर्यंत जायचा. माझं डोकं दुखायचं, कारण नसताना रडू यायचं. तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. एकदा रानातून गवताचा भारा आणताना बांधावरून पडली, गुडघा फुटला. घरी सांगितलं, पाय घसरला. "मास्तरीनबाई, भाकरीला चूल कशाला पेटवता? तवा माझ्या डोस्क्यावर ठेवा," असं म्हणायची. पण पाळीची तारीख टळली की तिचं हसणं बंद व्हायचं. चालताना जपून पाऊल टाकायची. बोलायची हळू, जणू मोठ्यानं बोललं तर आतलं काही हलेल... आणि मग एका सकाळी आडाकडे न येता लांबच उभी राहून मला हात हलवायची. बाहेर बसली, एवढं मला कळायचं.

त्याच वर्षी मला दिवस राहिले. सर्वांत आधी तिला सांगायचं होतं आणि तिलाच सांगायची भीती वाटत होती. तिनं माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, माझी दृष्ट काढत कडाकडा बोटं मोडली. "बगा, गोळ्या खऱ्या हायेत," म्हणाली. "मग मलाबी लागू पडतील." पुढच्या खेपेला तिनं डॉक्टरीणबाईंकडे हट्ट धरून गोळ्या वाढवून घेतल्या. त्या महिन्यात तिचं पोट असं फुगलं आणि दुखलं की बैलगाडीतून आणि पुढं एसटीतून तिला नगरला न्यावं लागलं. सासूपुढं तेव्हा सगळं उघड झालं. डॉक्टरीणबाईंनी सासूला स्पष्ट सांगितलं, "नवरा आल्याशिवाय हिला आता एकही गोळी देणार नाही." नामदेव आला नाही. आला तो दुष्काळाच्या साली, मिरजगावकडच्या वीस वर्षांच्या कौसल्येशी लग्न करून तिला घरी घेऊन. तिच्यावरून भाकरतुकडा शकुंतलेनंच ओवाळून टाकला. मी पाहत होते.

दोन वर्षं गेली. कौसल्येचीही कूस उजवेना. एका संध्याकाळी मी मुलीला घेऊन त्यांच्या ओसरीवर बसले होते, तेव्हा सासू म्हणाली, "शकुंतला, हिला ने की तुझ्या डाक्टरनीकडं. चालू कर गोळ्या." कौसल्या खांबाला टेकून उभी होती. घाबरून तिनं शकुंतलेकडे पाहिलं. शकुंतला उठली आणि नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तिला त्याच्याशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आधी तुमी चला. तुमी गेल्याबिगर या पोरीच्या तोंडात मी गोळी जाऊ द्यायची न्हाई. माझ्या अंगाची जी आग झाली ती मला ठावं." सासू ओरडली, शिव्या दिल्या. शकुंतला जागची हलली नाही. शेवटी नामदेव म्हणाला, "मास्तरांना विचारा, येतात का संगं."

माझे यजमान त्याच्याबरोबर गेले. तपासणीत कळलं, नामदेवपासून मूल होणं शक्य नव्हतं. गोळ्या कोणीही, कितीही खाल्ल्या असत्या तरी. त्यानंतर तो शकुंतलेला उलट शब्द कधी बोलला नाही. शकुंतला दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या दारात येऊन बसली. रडली नाही. "मंग मी कशापायी गिळल्या वो त्या?" एवढंच विचारलं. एका सकाळच्या तपासणीनं जे कळलं असतं, त्यासाठी तिचं शरीर आणि तारुण्याची वर्षं खर्ची पडली, आणि वर दुसरी एक पोर त्या घरात अडकली. कौसल्येनं दुसरा घरोबा करावा म्हणून शकुंतलाच कौसल्येच्या माहेरी तिच्या भावाकडे जाऊन भांडली. भावानं दार लावून घेतलं. मग दोघी एकमेकींच्या होऊन राहिल्या. नामदेव गेल्यावर शेतीही दोघींनीच केली.

दहाव्याला मी तिसगावला गेले. माणसं पांगल्यावर ओसरीवर मी आणि कौसल्याच उरलो. दारात मोटारसायकल थांबली. पाथर्डीकडच्या एका वस्तीवरचा तरुण, मागं त्याची बायको. "आजी हायेत का?" त्यानं विचारलं. कौसल्येनं आक्का गेल्याचं सांगितलं, तेव्हा तो गोंधळला. मग खाली बघत म्हणाला, "मला लई बोलल्या हुत्या त्या. आधी तू तपासायला जा, मंग बायकोला औषध दे. म्हनून जाऊन आलो. तेच सांगायचं हुतं..."

कौसल्येनं डोळ्यांना पदर लावला. आक्का असं गावोगाव जाऊन नवऱ्यांशी भांडायची, हे मला तोवर माहीत नव्हतं. कौसल्या जरा सरकली आणि घोंगडीवर जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "दोघंबी बसा. आता मला सांगा."